आठ महिने क्यू मेंब्रेन वापरल्यावर

गेले आठ महिने प्रोटिन शुद्ध करायला ३ मिलीची क्यू मेंब्रेन कॅप्सूल वापरतेय, म्हणजे ऋण भाराचे रेणू धरून ठेवणारा, धन भाराचा सच्छिद्र पडदा. ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं प्रोटिन, पीआय (ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो) ८.८. आधी धन भाराचे रेणू धरणारा कॅटायन एक्स्चेंज कॉलम, मग शेवटचा हात म्हणून हे मेंब्रेन, फ्लो-थ्रू पद्धतीने, म्हणजे हवं ते आरपार जातं आणि अशुद्धी अडकते. पीएच ७.५ ला आमचं प्रोटिन धन भाराचं, ते सरळ निघून जातं. डीएनए, एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आणि ई. कोलायची बरीचशी प्रोटिनं ऋण भाराची, ती मागे चिकटतात.

पहिल्या महिन्यात मी याला जवळजवळ नापास केलं होतं. कॉलमवरून ३०० मिलिमोलर मिठात उतरलेलं सॅम्पल तसंच लोड केलं आणि जेलवर नको असलेले पट्टे जसेच्या तसे! २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं; डीएनए असला की वाढतं) मात्र ०.६ च्या आसपास, म्हणजे डीएनए धरला गेला होता. डीएनएच्या साखळीवर ऋण भार इतका दाट असतो की तेवढ्या मिठातही तो सुटत नाही. प्रोटिनांची पकड तशी नसते, मिठातलं क्लोराइड त्यांना हुसकावून लावतं. तेव्हापासून सॅम्पल पाचपट पातळ करते आणि कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचा अंदाज) पाहिल्याशिवाय पंप सुरू करत नाही.

पण पातळ केलं की १०० मिलीचे ५०० मिली होतात, आणि इथेच मेंब्रेनने मला जिंकलं. ५ मिलीच्या रेझिन कॉलमवर (सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या) मिनिटाला २ मिलीने हे काम चार तासांहून जास्त चालायचं. कॅप्सूलवर मिनिटाला ३० मिली, सतरा मिनिटांत मोकळं. रेझिनच्या मण्यात रेणूला बारीक छिद्रांतून हळूहळू आत झिरपावं लागतं, घाई केली की तो न बांधताच निसटतो. मेंब्रेनच्या रुंद छिद्रांत वाहता द्रवच त्याला भारापाशी नेऊन सोडतो. लांबलचक डीएनए तर मण्यात शिरतच नाही, इथे त्याला सगळा पृष्ठभाग खुला.

हवेचा त्रास खरा आहे. एकदा नेहमीच्याच प्रवाहाला दाब दीडपट दिसला. व्हेंट (हवा सोडायचं तोंड) उघडला तर फसफसत हवा बाहेर आली. हवा अडकलेला भाग कामातून जातो आणि बाकीच्या मेंब्रेनवर सगळा बोजा पडतो. आता कॅप्सूल उभी धरून खालून बफर भरते, बुडबुडे थांबेपर्यंत. सॅम्पलही ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळूनच.

ऋण भाराचं एक प्रोटिन मेंब्रेनवर बांधून मग उतरवायलाही वापरून पाहिलं. नाही जमलं. मिलीमागे क्षमता आमच्या रेझिनपेक्षा कमी, शिवाय कॅप्सूलमधल्या रिकाम्या जागेमुळे पीक पसरतो आणि पुन्हा कॉन्सन्ट्रेट करत बसावं लागतं. त्यासाठी कॉलमच बरा.

आणि एन्डोटॉक्सिनच्या बाबतीत गाफील राहू नका. धन भाराचं प्रोटिन त्याला स्वतःला चिकटवून घेतं आणि सोबत मेंब्रेनपार नेतं. आमच्या दोन बॅचमध्ये हेच झालं, म्हणून आता प्रत्येक बॅचची एलएएल चाचणी (एन्डोटॉक्सिन मोजणारी) करूनच नळ्या फ्रीझरमध्ये जातात.