ॲलेक्झांडर टेक्निक: ना तेल, ना मालिश, मग पैसे कशाचे?

ॲलेक्झांडर टेक्निक म्हणजे उठता-बसताना अंग आवळण्याची सवय ओळखून ती सोडायला शिकवणारी पद्धत. पाठ चोळून मिळेल, मणके कडाकड वाजतील अशा अपेक्षेने गेलात तर पहिल्या धड्यानंतर कपाळाला आठ्या पडतील. अर्धा-पाऊण तास कपडे घालूनच खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, त्याचे पैसे? हो, त्याचेच.

‘उठा’ म्हटल्याबरोबर बहुतेकांची हनुवटी वर जाते, मान मागे आखडते, कंबर पोकळ होते. अजून खुर्ची सुटलेलीही नसते! कवटी जिथे मणक्यावर टेकते तो सांधा दोन कानांच्या मध्ये, आपल्याला वाटतो त्याहून वर असतो. तिथल्या चिमुकल्या स्नायूंत ताणाची खबर मेंदूला देणारे संवेदक दाटीने असतात. साडेचार-पाच किलोचं डोकं त्यांनी मागे खेचलं की खालची पाठही आवळते. शिक्षकाची बोटं मानेवर अलगद टेकलेली असतात, ती हीच ओढ पकडायला. ओढ आली की ‘थांबा, उठूच नका’. न उठण्याची ही सवय म्हणजेच अर्धी विद्या.

गोंधळ होतो तो इथे: सवयीने मागे झुकलेल्याला सरळ केलं की आपण पुढे झुकलोय असं वाटतं. मग तो छाती काढून ‘ताठ’ होतो आणि चार दिवसांनी कंबर धरते. ताठ होणं म्हणजे सुधारणं नव्हे, हे न सांगणारा शिक्षक सोडून द्या. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण तीन वर्षांचं, 1600 तासांचं असतं, खुशाल विचारा.

घरचा अभ्यास मात्र फुकट आणि उत्तम. सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वर, तळपाय जमिनीवर, हात पोटावर, डोळे उघडे. डोक्याखाली पुस्तकं, उशी नको, ती दबते. हनुवटी छताकडे गेली तर एक पुस्तक वाढवा, गळा दाटला तर एक काढा. 15 मिनिटांनी कुशीवर वळून उठा. शवासनापेक्षा वेगळं आहे, झोप लागू देऊ नका.

फरक पडतो का? इंग्लंडमधल्या 579 जुनाट पाठदुखीवाल्यांवरची चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत साधारण 21 दिवस दुखत होतं, 24 धडे घेतलेल्यांना 3. सहा धडे आणि सोबत व्यायाम, मुख्यतः चालणं, याचाही परिणाम जवळपास तेवढाच होता. तेव्हा 24 धड्यांचं पॅकेज आधीच विकत घेऊ नका. पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल तर इथे नाही, थेट डॉक्टरकडे.

आणि घट्ट जीन्स नको. जांघेत वाकताच येत नाही, मग सगळा बाक कंबरेला येतो आणि अर्धा धडा पट्टा सैल करण्यात जातो.