सदतिसाव्या मिनिटाला तू का बोललीस? : थेरपिस्टांसाठीच्या एका प्रशिक्षणाचा अनुभव

पहिल्या सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घेण्याच्या तासाला, मी सात पानं लिहून नेली होती. क्लायंटचा पूर्वेतिहास, घरातली माणसं, मी काय म्हणाले, ती काय म्हणाली, माझं फॉर्म्युलेशन (तिचा त्रास कशातून येतो याची माझी मांडणी), पुढचा बेत. अक्षरही नीट काढलं होतं. मॅडमनी, म्हणजे माझ्या सुपरव्हायझरनी, पानं घेतली, टेबलावर पालथी घातली आणि म्हणाल्या, "रेकॉर्डिंग लाव."

लावलं. सदतिसाव्या मिनिटाला क्लायंट म्हणते, "आई गेली तेव्हा मी..." आणि थांबते. चार सेकंद काहीच नाही. मग माझा आवाज येतो, गोड आणि घाईचा: "खूप एकटं वाटलं असेल ना तुम्हाला?" ती म्हणते, "हो, तसंच," आणि ऑफिसातल्या भांडणाकडे वळते. मॅडमनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकवला. मग विचारलं, "तू इथं का बोललीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी माझी पानं सरळ केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'क्लायंटने एकटेपणा व्यक्त केला.' तो शब्द माझा होता. तिने नुसता होकार दिला होता.

एमए झाल्यावर केलेल्या दोन वर्षांच्या क्लिनिकल प्रशिक्षणाबद्दल हे लिहिते आहे. गुणच द्यायचे तर पाचपैकी साडेतीन देईन. त्यातले तीन असल्या तासांचे, उरलेला अर्धा बाकी सगळ्याचा. संस्थेचं नाव लिहीत नाही. आमची बॅच जेमतेम आठ जणांची, त्यामुळे नाव लिहिलं की कोण मी आणि कोण माझे क्लायंट हे शोधायला फार वेळ लागणार नाही. क्लायंट्सचे तपशीलही बदलले आहेत.

आखणी साधी होती. आठवड्याला दहा-बारा क्लायंट, एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन, दोन तास गटातलं सुपरव्हिजन, शनिवारी सेमिनार आणि प्रत्येकाने स्वतः थेरपी घेणं सक्तीचं. यात नवं असं काही नाही. 1920 साली बर्लिनमध्ये माक्स आयटिंगोन आणि मंडळींनी मनोविश्लेषणाचा दवाखाना उघडला, तिथल्या शिक्षणाची हीच तिपाई होती: स्वतःचं विश्लेषण, सिद्धांताचे वर्ग आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली पाहिलेल्या केसेस. शंभर वर्षं उलटली तरी तिपाई तीच आहे. आमच्याकडे तिचा एक पाय आखूड होता, त्याबद्दल पुढे.

रेकॉर्डिंगचं मात्र ठासून सांगते, कारण प्रवेश घेताना मला ते माहितीपत्रकातल्या शेवटच्या ओळीइतकंच महत्त्वाचं वाटलं होतं. क्लायंटची लेखी परवानगी घ्यायची, नको म्हणाला तर रेकॉर्डर बंद. पहिले दोन महिने मला स्वतःचा आवाज ऐकवेना. मी एका सेशनमधले 'हंऽऽ' मोजले होते. आकडा सांगत नाही. कॉलेजात आम्ही कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबद्दल परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहायचो: सहानुभाव, बिनशर्त स्वीकार, सच्चेपणा. पण सेशनं तबकड्यांवर मुद्रित करून त्याने 1942 साली एक अख्खी केस शब्दन् शब्द छापली होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःचं काम असं उघड्यावर ठेवायला काय लागतं ते मला तिसऱ्या रेकॉर्डिंगनंतर कळलं. आठवणीतून लिहिलेल्या नोंदी खोट्या नसतात, पण त्यांत आपण नेहमी थोडे जास्त शहाणे असतो.

दुसऱ्या वर्षी सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीच्या) रेकॉर्डिंगना गुण मिळायचे. त्यासाठी अकरा मुद्द्यांची एक पट्टी आहे, प्रत्येकाला शून्य ते सहा, एकूण 66. त्यात 40 मिळाले की काम पुरेसं सक्षम धरतात. माझी सुरुवात 27 ने झाली. कमी कुठे पडले? तंत्रात नव्हेच. अजेंडा ठरवणं आणि वेळ पाळणं यांत. शेवटच्या पाच मिनिटांत क्लायंट दाराकडे जाता जाता सगळ्यात मोठी गोष्ट बोलून जायचा आणि मी पुन्हा त्याला बसवून घ्यायचे. मला ते प्रेमळपणाचं वाटत होतं. बाहेर ताटकळणाऱ्या पुढच्या क्लायंटला तसं वाटलं नसावं.

आता एक गंमत, जी अभ्यासक्रमात कुठेच नव्हती. सीबीटीत विचारांच्या नोंदीचा तक्ता असतो: प्रसंग, विचार, भावना. माझ्या एका क्लायंटने भावनेच्या रकान्यात लिहून आणलं, 'मला वाटतं मी कुणालाच नको आहे.' आणि विचाराच्या रकान्यात, 'वाईट वाटलं.' मी त्याला समजावत बसले की हा विचार, ती भावना, अदलाबदल झाली आहे. त्याने शांतपणे विचारलं, "पण दोन्हीकडे वाटणंच आहे ना?" बरोबरच होतं त्याचं! आपण एकाच क्रियापदात मतही मांडतो आणि दुःखही. आम्हा आठही जणांचे तक्ते इंग्रजीतून शब्दशः उतरवलेले होते आणि आठही जणांचे क्लायंट त्याच रकान्यांत अडखळत होते. शेवटी एका शनिवारी सेमिनार बाजूला ठेवून आम्ही नुसते प्रश्नच घासत बसलो. 'कसं वाटलं?' काढून टाकलं. 'त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं?' हा विचारासाठी आणि 'अंगात कुठं जाणवलं?' हा भावनेसाठी, असे दोन प्रश्न ठरवले. मग उत्तरं यायला लागली: पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, कसंतरीच होतं. 'कसंतरीच' म्हणजे नेमकं काय यावर मी त्या क्लायंटसोबत तीन सेशन काढली आणि ती तिन्ही सत्कारणी लागली. शिकवणाऱ्यांनी मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा इंग्रजी स्लाइडा लावल्या आणि वाचून दाखवल्या. दोन वर्षांतले साठ टक्के सेमिनार असेच गेले. ज्याला वाचता येतं त्याने त्यासाठी सुटीचा दिवस घालवू नये.

आत्महत्येच्या जोखमीचं प्रशिक्षण याला सणसणीत अपवाद. नैराश्य मोजायची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली आम्ही सगळे वापरत होतो. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी शून्य ते तीन, जास्तीत जास्त 27. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. आम्ही कागद भरून घ्यायचो, एकूण बेरीज करायचो आणि नवव्यावर खूण असली तर तोंडी विचारताना बोबडी वळायची. कार्यशाळा घेणाऱ्या सरांनी रोल-प्लेमध्ये प्रत्येकाला तो प्रश्न विचारायला लावला. पहिला म्हणाला, "टोकाचे काही विचार...?" दुसरी म्हणाली, "जिवाचं काही बरंवाईट...?" मी विचारलं, "तसले विचार नाही ना येत?" सर म्हणाले, "तू प्रश्न नाही विचारलास, उत्तर सांगितलंस." त्या 'ना'ने समोरच्याकडून 'नाही' आधीच वसूल केलं होतं. मग आठही जणांनी आळीपाळीने, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, 'आत्महत्येचा विचार मनात येतो का?' हे वाक्य म्हटलं. मला पहिल्यांदा हसू आलं. चौथ्या वेळेला आवाज सपाट झाला. सहाव्या वेळेला ते नेहमीच्या प्रश्नासारखं वाटायला लागलं. असं थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात पेरला जात नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण जीभ पुस्तक वाचत नाही.

त्याच कार्यशाळेत 'मी स्वतःला काही करणार नाही' असं लेखी वचन घेण्याची माझी जुनी सवय मोडली. अशा वचनाने क्लायंट सुरक्षित होतो असा पुरावा नाही. ते मुख्यतः थेरपिस्टला रात्री झोप लागावी म्हणून असतं. त्याऐवजी स्टॅनली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी बांधलेली सहा पायऱ्यांची सुरक्षा योजना क्लायंटसोबत बसून, त्याच्याच शब्दांत लिहायची: धोक्याची चाहूल कशी लागते, एकट्याने काय करता येतं, मन वळवायला कुणाकडे किंवा कुठे जाता येतं, मदत कुणाकडे मागायची, व्यावसायिकांपैकी कुणाला गाठायचं आणि घरातली घातक साधनं लांब कशी ठेवायची. शेवटची पायरी सगळ्यांत अवघड, कारण तिथे घरच्या माणसाला बोलवावं लागतं. दुसऱ्या वर्षी मला ही योजना खरोखर वापरावी लागली. मी मध्येच बाहेर येऊन मॅडमना फोन केला, त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. साडेतीनपैकी एक गुण त्या फोनचा आहे.

मॅडमबद्दल आणखी एक. माझा एक क्लायंट सगळ्याला 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचा आणि घरी जाऊन काहीच करायचा नाही. मी वैतागले होते. मॅडम सुचवतील ते मी वहीत उतरवून घेत होते. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "आज तू अकरा वेळा 'हो मॅडम, बरोबर' म्हणालीस. आणि मागच्या आठवड्यात ठरलं त्यातलं काहीच केलेलं नाहीस." मी पेन खाली ठेवलं. थेरपीच्या खोलीतलं नातं सुपरव्हिजनच्या खोलीत असं पुन्हा उमटतं, हे हॅरोल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने 1955 सालीच लिहून ठेवलं आहे. त्यावर सेमिनारही झाला होता आणि मी नोट्सही काढल्या होत्या. कुणाला तरी खूश ठेवण्यात किती एकटं पडायला होतं, हे त्या दिवशी मला क्लायंटच्या बाजूने कळलं. पुढच्या सेशनला मी त्याला काहीही सुचवलं नाही. तो वीस मिनिटांनी चिडला. कामाला सुरुवात तिथून झाली.

आता तक्रारी. गटातलं सुपरव्हिजन आठ जणांत दोन तास. केस मांडायची पाळी महिन्यातून एकदा, आणि ती आली की परीक्षाच. आमच्यातला एक जण प्रत्येकाच्या केसवर 'पण तू अॅटॅचमेंटचा (म्हणजे लहानपणच्या जिव्हाळ्याच्या नात्यांचा) विचार केलास का?' विचारायचा आणि त्याला कुणी आवरायचं नाही. परिणाम असा की चौथ्या महिन्यापासून सगळे आपापल्या चांगल्या केसेस मांडायला लागले. ज्या केसने झोप उडवलीये ती कुणी आणेचना. प्रशिक्षणात यापेक्षा वाईट काय असतं?

तिपाईचा आखूड पाय म्हणजे स्वतःची थेरपी. सक्ती होती, पण थेरपिस्ट तुम्हीच शोधा, वेळ तुम्हीच काढा, खर्च तुमचा. क्लायंटची संख्या मात्र एकानेही कमी होणार नाही. वर्षाअखेर प्रमाणपत्र जोडा. आमच्यातल्या दोघींनी ती निव्वळ शिक्क्यासाठी उरकली. शिक्का मिळाला.

सर्वांत जास्त राग मला वर्ष बदलताना आला. तीन आठवड्यांची सूचना देऊन माझे चार क्लायंट नव्या बॅचकडे सोपवले गेले. त्यांतली एक पहिल्या परिच्छेदातली. तिला आईचा निरोप घेता आला नव्हता, आणि आम्ही थेरपीचा निरोप तीन सेशनमध्ये उरकला. थेरपी संपवणं हा उपचाराचाच भाग आहे, असं शिकवणारीच ही संस्था. कार्यालयात विचारलं तर वेळापत्रक दाखवलं.

एक चांगली सवय मात्र त्यांनी लावली ती लावलीच: दर सेशनला क्लायंटकडून छोटी प्रश्नावली भरून घेऊन आलेख बघायचा. मला हे कारकुनी काम वाटायचं. मग 2005 सालच्या एका अभ्यासाचे आकडे समोर आले. 550 क्लायंटपैकी कुणाची अवस्था आणखी बिघडेल हे थेरपिस्टना विचारलं, तर त्यांनी तीन नावं दिली. प्रत्यक्षात बिघडले 40, आणि त्या तिघांपैकी त्यांत एकच. मी त्याच संध्याकाळी माझे आलेख काढले. माझी 'छान चाललेली' एक केस सहा आठवडे खाली घसरत होती. ती दर वेळी हसून 'बरं आहे' म्हणायची आणि कागदावर खरं लिहायची.

असं प्रशिक्षण निवडणाऱ्यांनी माहितीपत्रकातली प्राध्यापकांची नावं बघू नयेत. फोन करून विचारा, माझं सेशन कुणी ऐकणार आहे का, आणि किती वेळा? 'केस डिस्कशन होतं' असं उत्तर आलं तर समजा, ऐकत नाहीत. रात्री क्लायंट संकटात असेल तर कुणाचा नंबर लावायचा ते विचारा. जुन्या बॅचमधल्या एखाद्याला गाठून विचारा की मध्येच कितीजण सोडून गेले. आमच्यातून दोघे गेले, त्यांतली एक फार चांगली थेरपिस्ट झाली असती. आणि एमए संपल्या संपल्या घेऊ नका, वर्षभर कुठेतरी क्लायंट बघा. चुका आधीच गाठीशी असल्या तर तिथल्या तासांचं चीज होतं.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मी मॅडमना म्हटलं, दर पंधरा दिवसांनी तुमच्याकडेच येत राहते. त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, "मी काय विचारणार ते तुला आता पाठ झालंय." दुसरं नाव दिलं. या नव्या बाई रेकॉर्डिंग लावतच नाहीत, मला क्लायंटच्या खुर्चीत बसवून त्याच्यासारखं बोलायला लावतात. अजून जमत नाही.