अल्पाइन, मट की एर्क : टर्मिनलमधल्या ई-मेलसाठी कुणी काय निवडावं

सावई-वेऱ्याला आमचे एक काका आहेत. मास्तरकीतून निवृत्त झाले, आता कुळागर बघतात. त्यांचा लॅपटॉप दोन जीबी रॅमचा. ब्राउझरमध्ये मेल उघडायचं तर आधी चहाचं आधण ठेवायचं, इतका वेळ. त्यांनी मला एकदा विचारलं, "अरे, नुसती पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची. त्याला एवढं सगळं कशाला लागतं?" नाही लागत. टर्मिनलमध्ये, काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणारे मेल प्रोग्राम कित्येक दशकांपासून आहेत आणि आजही उत्तम चालतात. पण कुठला घालून द्यायचा, यावर मला बराच विचार करावा लागला. नंतर फोंड्यात आणि डिचोलीत आणखी दोघातिघांनी हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अल्पाइन, मट आणि एर्क हे तिन्ही मी स्वतः वापरले आहेत. मट वर्षानुवर्षं, अल्पाइन काकांच्या निमित्ताने, एर्क कामाच्या मशिनवर काही महिने. "सोपं कुठलं" या प्रश्नाने निवड करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मेल प्रोग्राम एकदाच लावायचा असतो, पण बिघडतो अनेकदा. म्हणून दोन गोष्टी बघा. बिघडल्यावर काय बिघडलं ते तो कळेल असं सांगतो का? आणि लाइन गेली की तुमची पत्रं तुमच्या हाताशी असतात का?

ओळख थोडक्यात. अल्पाइन हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जुन्या पाइनचा वारस, २००७ सालचा. मट १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी सुरू केला. त्याचाच पुढे निओमट नावाचा फाटा निघाला, नवी मांडणी करणाऱ्याने तो घेतला तरी चालेल, खालचं सगळं त्यालाही लागू आहे. एर्क सर्वांत तरुण, २०१९ चा, ड्रू डीव्हॉल्ट यांनी गो भाषेत लिहिलेला. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या भांडारांत हे सगळे मिळतात. विंडोजवर स्वतःच्या पायावर उभा राहतो तो अल्पाइनच, बाकीच्यांना विंडोजच्या आत लिनक्स घ्यावं लागतं.

एकच बिघाड, तीन उत्तरं

जुलैत काकांकडे दोन दिवस वीज नव्हती. आली तेव्हा मेल उघडेना. फोनवर त्यांनी पडद्यावरचा इंग्रजी मजकूर शब्द न् शब्द वाचून दाखवला: सर्व्हरच्या प्रमाणपत्राची (सर्व्हर खरा आहे हे सांगणाऱ्या डिजिटल दाखल्याची) खात्री पटली नाही, कारण प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. खाली इशाराही होता, की तरीही पुढे गेलात तर तोतया सर्व्हरशी जोडले जाल. मी विचारलं, "काका, कोपऱ्यात तारीख काय दिसते?" तारीख दोन वर्षं मागची होती. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली, इन्व्हर्टर उतरला तसं घड्याळ मागे गेलं, आणि इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारी सेवा त्या मशिनवर बंद होती. मोठ्या सेवांची प्रमाणपत्रं हल्ली काही महिन्यांचीच असतात, त्यामुळे मागच्या तारखेच्या मशिनला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं. तारीख नीट केली, मेल उघडला. पुढच्या खेपेला जाताना सीआर-२०३२ सेल घेऊन गेलो.

घरी आल्यावर मी माझ्या मशिनचं घड्याळ मुद्दाम मागे नेलं आणि तिघांनाही एकेक करून चालू केलं. मटने प्रमाणपत्राचा सगळा तपशील दाखवून वर एक ओळ दिली, की सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून वैध नाही, आणि नाकारायचं की एकदा स्वीकारायचं ते विचारलं. एर्कने एकच लांब ओळ दिली, पण त्या ओळीत मशिनची सध्याची वेळ आणि प्रमाणपत्र सुरू होण्याची वेळ शेजारी शेजारी छापलेली होती. चूक कुठे आहे ते बघताक्षणी कळलं. अल्पाइनने परिच्छेदच लिहिला, सामान्य माणसाला समजेल अशा वाक्यांत.

इथे एक कळकळीची सूचना. अल्पाइनच्या त्या पडद्यावरच तपासणी बंद करणारा एक पर्याय सुचवलेला असतो. इंटरनेटवर सल्ला देणारेही तोच घालायला सांगतात. घालू नका. तो घातला की त्या क्षणी मेल उघडतो, पण पुढे कधी खरंच कुणी मध्ये बसला तर तुम्हाला सांगणारं कुणी उरत नाही.

बाकीच्या बिघाडांत तिघांचं वागणं वेगळं पडतं. अल्पाइनच्या मुख्य पडद्यावर जर्नल आहे, इंग्रजी "जे" हे बटण दाबलं की नुकतेच येऊन गेलेले सगळे संदेश परत वाचता येतात. फोनवरून मदत करताना याची किंमत कळते. मट एका ओळीत काहीतरी बोलतो आणि ती ओळ निघून जाते. खोलात जायचं तर त्याला डी-२ हा पर्याय देऊन चालू करायचं, म्हणजे घरच्या फोल्डरात सर्व्हरशी झालेलं सगळं संभाषण लिहून ठेवतो. वाचता येणाऱ्याला ते सोनं आहे, काकांना त्याचा उपयोग नाही. मटचा आणखी एक नेहमीचा अडथळा म्हणजे "ओळख पटवण्याची पद्धतच उपलब्ध नाही" अशा अर्थाचा संदेश. तो आला की माणसं पासवर्ड बदलत बसतात. डेबियन-उबुंटूवर बहुतेक वेळा सास्लचे (ओळख पटवण्याच्या पद्धतींचे) मॉड्यूल असलेलं वेगळं पॅकेज राहून गेलेलं असतं, ते घातलं की काम होतं.

लाइन गेल्यावर

मृग लागला की आमच्याकडे झावळ तारेवर पडणं हे आठवड्याचं काम. फायबर तुटली की दुपारपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. मट थेट सर्व्हरला जोडून वापरलात तर अशा वेळी तो नुसता थिजतो. जोडणी तुटलीय हे त्याला लगेच कळत नाही, आणि तुम्ही बटणं दाबत बसता.

यावर माझा उपाय म्हणजे एमबीसिंक. दर पाच मिनिटांनी आपोआप चालेल असा मी तो लावला आहे. तो सर्व्हरवरची पत्रं आणून डिस्कवर मेलडिर नावाच्या साध्या मांडणीत ठेवतो, एका पत्राला एक फाइल. मट ती डिस्कवरून वाचतो. लाइन असो नसो, दहा वर्षांचा पत्रव्यवहार हाताशी. पाठवायला एमएसएमटीपी, त्याच्यासोबत येणारी रांगेची स्क्रिप्ट लावली की लिहिलेला मेल थांबून राहतो आणि लाइन आली की एका आज्ञेसरशी निघतो. एर्कही मेलडिर वाचतो, त्यामुळे हीच मांडणी त्यालाही चालते. हा माझ्या दृष्टीने या दोघांचा सर्वांत मोठा गुण आहे.

एमबीसिंक लावताना दोन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. जीमेलमध्ये "ऑल मेल" या फोल्डरात प्रत्येक पत्राची नोंद असते, तो वगळला नाही तर सगळं दुप्पट उतरतं. शिवाय जीमेलची आयमॅपवरून (मेल प्रोग्राम सर्व्हरवरची पत्रं ज्या पद्धतीने वाचतात तिच्यावरून) उतरवून घेण्याची रोजची मर्यादा २५०० एमबी आहे, पहिल्या दिवशी मोठा मेलबॉक्स मध्येच अडला तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी तो पुढे सुरू होतो. दुसरं म्हणजे जुन्या नमुना फाइली. त्यांत "मास्टर" आणि "स्लेव्ह" असे शब्द असतात, १.४ आवृत्तीपासून ते "फार" आणि "नियर" झाले. फार म्हणजे दूरचा सर्व्हर, नियर म्हणजे आपली डिस्क. आणि खोडलेली पत्रं कायमची काढून टाकण्याचा पर्याय पहिला महिनाभर लावूच नका. आपली मांडणी बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत सर्व्हरवर सगळं शाबूत राहू द्या.

अल्पाइन या बाबतीत मागे आहे. पत्रं सर्व्हरवर राहतात, लाइन नाही तर वाचन नाही. लिहिणं मात्र अडत नाही: कंट्रोल-ओ दाबून पत्र पुढे ढकललं की ते आपल्याच डिस्कवर राहतं.

लावायला किती वेळ

अल्पाइन अर्ध्या तासात. सगळं पर्यायांच्या पडद्यावरून, आणि प्रत्येक पडद्याच्या खालच्या दोन ओळींत कुठलं बटण काय करतं ते लिहिलेलं. काकांना मी एवढंच सांगितलं, की अडलं तर खाली बघा. त्यांची वही-पेन घेऊन शिकायची तयारी होती, पण वही उघडावी लागली नाही. महिन्याच्या सुरुवातीला तो एक प्रश्न विचारतो, गेल्या महिन्याची पाठवलेली पत्रं वेगळ्या फोल्डरात सरकवू का? पहिल्यांदा काकांचा फोन आला, "हे काय विचारतंय?" हो म्हणा म्हटलं. आता त्यांच्याकडे महिन्यावारी लावलेली पत्रं आहेत, मास्तरांना साजेशी.

एर्क पहिल्यांदा उघडला की खात्याची माहिती एकेक करून विचारतो, तिथवर छान. पुढे फाइल हाताने बदलायची तर दोन खाचखळगे. पत्त्यातलं ॲट चिन्ह तसंच लिहून चालत नाही, टक्के-४० असं लिहावं लागतं. आणि खात्याची फाइल तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर एर्क चालूच होत नाही, तिचे अधिकार ६०० करावे लागतात. मला हा कडकपणा आवडतो.

मटला एक रविवार द्यावा लागतो, कधी दोन. बदल्यात तो अगदी आपल्या हाताच्या वळणाचा होतो. जीमेलवाल्यांनी त्यात "रेकॉर्ड" ही जागा रिकामी ठेवावी, कारण पाठवलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतःच ठेवतो. नाहीतर प्रत्येक उत्तर दोनदा दिसतं. एचटीएमएल मेलसाठी मेलकॅप फाइलमध्ये (कुठला मजकूर कुठल्या प्रोग्रामने दाखवायचा ते तिच्यात असतं) डब्ल्यूथ्रीएम हा अक्षरांतला ब्राउझर जोडून ठेवा, नाहीतर बँकेचा मेल म्हणजे कंसांचं जंगल.

पासवर्ड

३० मे २०२२ पासून जीमेलचा नेहमीचा पासवर्ड साध्या खात्यांत अशा प्रोग्रामना चालत नाही. दोन टप्प्यांची ओळख चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा. गूगल तो चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवतो. तो तसाच, मोकळ्या जागांसकट, अवतरणचिन्हांशिवाय मटच्या फाइलीत चिकटवला की मट दुसऱ्या गटाला वेगळी सेटिंग समजतो आणि तक्रार करतो. जागा काढा. त्याहून चांगलं म्हणजे पासवर्ड फाइलीत ठेवूच नका, "पास" या प्रोग्राममध्ये कुलूपबंद ठेवा आणि तिथून वाचायला सांगा. मट आणि एर्क दोघांनाही ते जमतं. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत, लागेल. अल्पाइनमध्ये त्याची सोय आत आहे, एर्कलाही येतं, मटसोबत एक पायथन स्क्रिप्ट मिळते. पण ऑफिसच्या संगणक विभागाची परवानगी आधी घ्या, ती नसेल तर तिन्ही निरुपयोगी.

तेव्हा, काकांसारखा वापर, एक खातं, दिवसाला दहा पत्रं आणि मदत फोनवरूनच मिळणार, तर अल्पाइन. हजारो पत्रं, पावसाळ्यात खेड्यात राहणं आणि फाइल लिहायची आवड, तर मट आणि एमबीसिंक. दोन-तीन खाती, विम या संपादकाची सवय, गिटचे पॅच (प्रोग्रामच्या कोडमधले बदल) मेलने पाठवणं, तर एर्क. तो प्रत्येक पत्र वेगळ्या टॅबमध्ये उघडतो आणि आतच टर्मिनल देतो, हे कामाच्या दिवशी फार सोयीचं पडतं.

आणि आपली मराठी

हा मुद्दा तिघांनाही सारखाच लागू आहे, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर आधी मशिनचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) बघा, ते यूटीएफ-८ हवं. अक्षरं दिसतात पण यादीतल्या ओळी सरकतात, मागच्या ओळीचं शेपूट उरतं, असं झालं तर दोष मेल प्रोग्रामचा नाही. मात्रेला किती जागा द्यायची याचा हिशेब प्रोग्राम एक करतो, टर्मिनल दुसरा करतं. मट आणि अल्पाइनमध्ये कंट्रोल-एल दाबलं की पडदा नव्याने रंगतो. जोडाक्षरं नीट हवी असतील तर टर्मिनल बदलून बघा. एमएलटर्म भारतीय लिप्यांचा विचार करूनच बनवलेलं आहे, एक्सटर्मकडून ती अपेक्षा नको.

लिहिण्यासाठी मात्र टर्मिनलला चिकटून राहू नका. तिन्ही प्रोग्राम बाहेरचा संपादक घेतात. मी मटला खिडकीत उघडणारा जीविम जोडला आहे. वेलांट्या, रफार सगळं जागच्या जागी दिसतं. सुरुवातीला एक विचित्र त्रास झाला. संपादक उघडायचा, पण मागे मट लगेच विचारायचा, की पत्रात काहीच बदल नाही, टाकून देऊ? जीविम स्वतःला पार्श्वभूमीत ढकलून मोकळा होत होता आणि मटला वाटायचं माझं लिहून झालं. जीविमच्या नावापुढे वजा-एफ एवढं जोडलं, म्हणजे खिडकी बंद होईपर्यंत तो मटला थांबवून ठेवतो. चवथीचं निमंत्रण त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांना त्यातूनच पाठवलं.