अशिलांचे पासवर्ड कोठे ठेवावेत : बिटवॉर्डन वापरल्यानंतरचे मत

नाशिकच्या शरणपूर रोडवरील माझ्या छोट्या कार्यालयातून साधारण एकशे चाळीस अशिलांची आयकर आणि जीएसटीची कामे चालतात. आयकर, जीएसटी आणि ई-वे बिल एवढेच लॉगिन धरले तरी चारशेच्या आसपास पासवर्ड आमच्याकडे असतात, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत ते सगळे एका एक्सेल फाइलमध्ये होते. एक सहायक नोकरी सोडून गेला तेव्हा त्या फाइलच्या किती प्रती कोणाकोणाच्या पेनड्राइव्हवर आहेत, हे मला सांगता येईना. त्या मुलाच्या सचोटीबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु अशिलाने विश्वासाने हवाली केलेली वस्तू नेमकी कोठे आहे हे सल्लागाराला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला फार लागली. पुढचे तीन आठवडे आम्ही एकेक पासवर्ड बदलत होतो.

त्यानंतर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद तिजोरीत ठेवणारे ॲप, शोधताना मी सोयींच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारला : उद्या या कंपनीच्याच सर्व्हरवर चोरी झाली, तर माझ्या अशिलांचे काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाही. लास्टपास या नामांकित सेवेत २०२२ साली शिरकाव झाला, आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरांच्या हाती गेल्याचे कंपनीने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये जाहीर केले. आतील पासवर्ड कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते, म्हणजे कोणाचे खाते कोणत्या बँकेत आहे हे चोराला वाचता येत होते. शिवाय एकदा प्रत हाती लागली की चोर आपल्या संगणकावर, कोणाच्याही नकळत, वर्षानुवर्षे मास्टर पासवर्डचा, म्हणजे सगळी तिजोरी उघडणाऱ्या एका पासवर्डचा, अंदाज बांधत बसू शकतो. तेथे कंपनी काहीही करू शकत नाही. तुमचा मास्टर पासवर्ड किती भक्कम आहे आणि प्रत्येक अंदाजाला यंत्राला किती राबावे लागते, एवढ्याच दोन गोष्टींवर सगळे अवलंबून राहते.

या कसोटीवर मला बिटवॉर्डन पटले. २०१६ पासून चालू असलेल्या या सेवेचा सोर्स कोड खुला आहे, म्हणजे तो कोणालाही तपासता येतो. तिजोरी आपल्याच यंत्रावर कूटबद्ध होते आणि मगच सर्व्हरवर जाते, पत्त्यांसकट. नव्या खात्यात मास्टर पासवर्डपासून किल्ली तयार करताना ६,००,००० फेऱ्यांची प्रक्रिया होते, त्यामुळे चोराचा प्रत्येक अंदाज महाग पडतो. खाते जुने असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा एकदा अवश्य पाहावा. मोफत योजनेत पासवर्डची किंवा उपकरणांची संख्या मर्यादित नाही. मात्र तिजोरीतील पासवर्ड मोफत दोनच व्यक्तींमध्ये सामायिक करता येतात, त्यामुळे आम्हा चौघांच्या कार्यालयासाठी सशुल्क योजना घ्यावी लागली. आता सहायकाला त्याच्या वाट्याच्या अशिलांचाच संच दिसतो आणि तो सोडून गेला की त्याचा प्रवेश काढून घेता येतो. अर्थात, त्याने पाहिलेले पासवर्ड तरीही बदलावेच लागतात. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर वाचवत नाही.

त्याआधी काही महिने मी कीपासएक्ससी हा दुसरा पासवर्ड मॅनेजर वापरला होता. ते मोफत आहे, फाइल पूर्णपणे आपल्याजवळ राहते, आणि एकट्याने एकाच संगणकावर काम करणाऱ्याला मी ते आजही निःसंकोच सुचवेन. आमची गडबड आमच्याच पद्धतीमुळे झाली : फाइल पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे नेताना जुलैच्या धामधुमीत तिच्या दोन वेगवेगळ्या प्रती झाल्या आणि नवा पासवर्ड जुन्या प्रतीखाली गेला. ज्यांना पैसे देण्यास हरकत नाही त्यांच्यासाठी वनपासवर्डही उत्तम आहे. त्यात मास्टर पासवर्डच्या जोडीला आपल्या यंत्रावर तयार होणारी ३४ अक्षर-अंकांची गुप्त किल्ली लागते, त्यामुळे सर्व्हरवरून चोरलेली प्रत चोराला जवळजवळ निरुपयोगी ठरते. पण ती किल्ली छापून जपावी लागते, आणि माझ्या अशिलांपैकी किती जण तो कागद पाच वर्षांनी काढून दाखवतील, याची मला खात्री वाटत नाही.

अशिलांना सुचवताना मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांना मी स्वतः बसून बिटवॉर्डन लावून दिले होते. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, "साहेब, रिफंडची लिंक आली आहे. पान उघडलं, पण तुमचं ते ॲप पासवर्ड पुढेच करत नाही." मी म्हटले, "नाना, वरचा पत्ता अक्षर न अक्षर वाचून दाखवा." त्यांनी वाचला, पत्त्यात इन्कमटॅक्स हा शब्द होता, पण शेवटी जीओव्ही डॉट इन नव्हते. पान हुबेहूब आयकर विभागाचे होते, माणूस फसला असता, पण ॲप पत्ता ताडून पाहते आणि जुळला नाही तर पासवर्ड पुढे करत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की ॲप गप्प बसले तर पासवर्ड हाताने टाकू नका, आधी मला फोन करा.

मास्टर पासवर्ड निवडताना आवडता अभंग, मुलांची नावे किंवा गावाचे नाव घेऊ नये. मी अशिलासमोर जाडजूड मराठी शब्दकोश ठेवतो, त्यांना डोळे मिटून पाच ठिकाणी उघडायला लावतो, आणि बोट पडेल तो शब्द रोमन लिपीत लिहून घेतो. पाच असंबद्ध शब्द दोन दिवसांत तोंडपाठ होतात. हा पासवर्ड विसरला तर कंपनीही तो परत देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून घरातील दागिन्यांच्या जागी ठेवावा. त्याच कागदावर ईमेलचा पासवर्डही लिहावा, कारण दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागणारी सोय) चालू केलेली नसेल तर नव्या फोनवर लॉगिन करताना पडताळणीचा आकडा ईमेलवर येतो, आणि ईमेलचा पासवर्ड तिजोरीतच अडकलेला असेल तर दार बाहेरून बंद होते. जुन्या एक्सेलमधून पासवर्ड आत घेतल्यावर ती फाइल रिसायकल बिनमधूनही काढावी. तीन जणांच्या संगणकावर मला ती तशीच पडलेली सापडली.

सगळ्यांना बिटवॉर्डनच हवे असे नाही. एकच अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या आणि मोजकी खाती असणाऱ्या व्यक्तीला मी गूगलचाच पासवर्ड मॅनेजर वापरण्यास सांगतो, फक्त फोनचे लॉक आणि गूगल खात्याची दुहेरी पडताळणी चालू करून देतो. सातपूर-अंबडच्या कारखानदारांना, जेथे हिशेबनीस बदलत राहतात, सशुल्क बिटवॉर्डन सांगतो. नेट बँकिंगचा पासवर्ड मात्र कोणाचाही स्वीकारत नाही. तो त्यांच्या तिजोरीत राहावा, माझ्या नव्हे.