हब १९५२ चा, सायकल नव्हे: ४८,७०० रुपयांना बसलेला फटका

जुन्या ब्रिटिश सायकली घेणाऱ्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचा. 'रॅले रोडस्टर, १९५२, नॉटिंगहॅम, सगळं ओरिजिनल' असं सांगून विक्रेत्याने माझ्याकडून ४६,५०० रुपये घेतले. (रॅले ही नॉटिंगहॅमची ब्रिटिश सायकल कंपनी, रोडस्टर म्हणजे साधी दणकट सायकल.) १५,००० आगाऊ, ३१,५०० टेम्पोत चढवताना. टेम्पोचे २,२०० वेगळे.

मागचा हब, म्हणजे आरे जिथून निघतात तो चाकाचा मधला भाग, खरा आहे. त्यावर 'स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू ५२ ७' असा स्पष्ट ठोकलेला शिक्का आहे, म्हणजे जुलै १९५२ (स्टर्मी-आर्चर ही हब बनवणारी कंपनी, एडब्ल्यू हा तिचा तीन गिअरचा हब). आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना. पण हा आकडा हबचा आहे, सायकलचा नाही, आणि असे विक्रेते नेमकं त्यावरच जगतात. ब्रिटिश रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, आपल्याकडच्या रोडस्टरलाही तेवढेच. त्यामुळे खरा हब कुठल्याही ४० भोकांच्या देशी रिममध्ये बांधता येतो आणि विक्रेता शिक्क्याचा फोटो जवळून काढून पाठवतो.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो आऱ्यांवरून. मडगार्ड गंजून खवले पडलेले आणि त्याखाली आरे कोरे करकरीत, निपलांच्या (आरे ताणणाऱ्या छोट्या नटांच्या) खाचांना स्क्रूड्रायव्हरचा ताजा ओरखडा. मी तिथल्या तिथे विचारलं. 'गंजले होते, बदलून घेतले,' म्हणाला. जुनी सायकल वापरात ठेवणारा कुणीही आरे बदलतो, मग यात खोटं काय वाटणार? पण चाक नव्याने बांधलेलं असेल तर हबच्या वर्षाला पुरावा म्हणून शून्य किंमत. व्यवहार तिथेच मोडायचा. तो म्हणाला, 'कॉटर काढू नका, तुटेल.' (कॉटर म्हणजे क्रँक, पेडलचा दांडा, आसावर पक्का धरणारी खीळ.) हेही पटण्यासारखंच, जुने कॉटर खरंच तुटतात. त्याला क्रँक उघडू द्यायचा नव्हता, हे कारण नंतर कळलं.

ओव्हरहॉलिंगला कॉटर ठोकून काढला, बीबीचे कप बाहेर आले. (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस फिरतो तो फ्रेमचा भाग; कप म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांना आट्यांनी बसणाऱ्या वाट्या.) नॉटिंगहॅमच्या रॅले रोडस्टरला बीबीचे आटे इंचाला २६ असतात. बाकीच्या बहुतेक ब्रिटिश मेकना २४. व्यास दोन्हींचा सारखाच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. रॅलेचा कप दोन फेरे आत गेला आणि अडकला. आट्याची गेज लावली, २४ निघाले. फ्रेम रॅलेची नाहीच. मग हेडवरचा बिल्ला उचकटला, तर खाली पुटीने बुजवलेली दुसरी भोकं. चेनव्हीलवरचा बगळा मात्र अस्सल रॅलेचा, पण चेनव्हील काय, दोन कॉटर काढले की बदलतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'सायकलीला सत्तेचाळीस हजार?' दुसरा: 'वस्तू मिळाली ना? मग ही दिवाणी बाब.' फोटो, चॅट, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सगळं समोर ठेवलं. साहेबांनी 'हब खरा आहे म्हणता, मग फसवणूक कुठे?' म्हणून कागद परत सरकवले. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ऑनलाइन तक्रार 'वस्तू प्राप्त' असा शेरा मारून बंद. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर सांगितलं, विकणारा व्यापारी आहे हे आधी सिद्ध करा. हा माणूस महिन्याला चार-चार सायकली विकतो, त्याच्या जाहिराती सगळ्यांना दिसतात, आणि सिद्ध करायचं मी! सोन्याची अंगठी पितळेची निघाली असती तर हेच उत्तर दिलं असतं का?

बीबीचा कप उघडून दाखवत नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका. हँडल काढायला लावून चिमट्याची दांडी बघा, रॅलेचे आटे तिथेही २६ असतात. फ्रेम नंबरच्या आजूबाजूला कानशीचे ओरखडे दिसले तर सरळ घरी या. बिल्ल्यावर तर अजिबात जाऊ नका: रॅलेने हंबर ही दुसरी ब्रिटिश सायकल कंपनी १९३२ मध्ये घेतली, रज १९४३ मध्ये, बीएसएचा सायकल धंदा १९५७ मध्ये, आणि नावं पुढेही चालू ठेवली. शिवाय आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅले होती, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस आणि फिलिप्स बनत होत्या. बिल्ल्यावर इंग्रजी नाव आहे म्हणून सायकल विलायती ठरत नाही.

त्याच माणसाची नवी जाहिरात लागली आहे: '१९३१ ची रज, मूळ एडब्ल्यू हबसकट', ५८,००० रुपये. एडब्ल्यू बाजारात आला १९३६ मध्ये. कुणी बोलणी करत असाल तर आधी त्याला हे विचारा.