बारा दिवस भाड्याच्या कॅम्पर व्हॅनमध्ये आणि आता फ्लॅटमध्ये करमेना

पाचपैकी साडेतीन. गाडी परत केली त्याच दिवशी लिहिलं असतं तर दोन दिले असते, तेव्हा बॅटरीचा राग डोक्यात होता.

जानेवारीत नागपुरातून घेतली, मी, बायको अन पोरगी. सेवाग्राम, परतवाड्यावरून चिखलदरा, शेगाव, लोणार आणि समृद्धीने परत. सेवाग्रामला बापूकुटीतलं एवढंसं सामान बघून बायको म्हणे आपण चार बॅगा कशाला आणल्या, मग तिथूनच दोन बॅगा वर्ध्याला मावशीकडे टाकल्या, गोरसपाक घेतला (त्याचा चुरा शेवटपर्यंत गादीत सापडत होता).

आता बॅटरी. चिखलदरा हजार मीटरच्या वर, थंडी म्हणजे मरणाची, आणि रात्री दोन वाजता लाइट, पाण्याचा पंप, सगळं ठप्प. मालकाला फोन लावला तर म्हणे इंजिन अर्धा तास चालू ठेवा ना. रात्री दोनला! त्याला आधीच माहीत होतं असा माझा डाउट आहे. पाण्याची टाकी 60 लिटरची, तिघांना दीड दिवस, तेही काटकसर केली तर. गाडी उंच असल्यामुळे गावातल्या लोंबत्या तारांखालून काढताना बायको खाली उतरून पुढे चालायची आणि "तार!" म्हणून ओरडायची. बाभळीने टपावर ओरखडे काढले त्याचे डिपॉझिटमधून पैसे कापले, ते ठीक, सांगितलं होतं.

पण मागचं दार. ते पूर्ण उघडतं आणि गादीवर पडल्या पडल्या समोर शेत. लोणारच्या अलीकडे एका काकांना विचारून त्यांच्या धुऱ्याजवळ लावली, हरभऱ्यात रानडुकरं येतात म्हणून ते रात्री जागलीला आले होते, टॉर्च मारून आत डोकावले, "घर हाय का गाडी हाय बाप्पा हे?" बेसिन बघून तर हसतच राहिले. सकाळी दुपट्ट्यात तुरीच्या शेंगा बांधून आणल्या, आम्ही सोलत बसलो, एकाच बर्नरवर सोलेभात केला, खाली लागला, तरी पातेलं खरवडून खाल्लं. लोणारला मात्र पोरगी रुसली, 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते तिच्या डोक्यात बसलेलं, आता साधं हिरवट.

परत येऊन नऊ दिवस झाले. पोरगी अजून तांब्याभर पाण्यात ब्रश करते आणि मी नळ सोडून दाढी केली की ओरडते. मी रात्री उठून बॅटरीचा काटा बघायला जातो, हॉलमध्ये पोचल्यावर आठवतं. खिडकी उघडली की समोरच्यांचं बाथरूम, लिफ्टचा आवाज रात्रभर, आणि पाच वर्षं ओळखणारा वॉचमन अजून फ्लॅट नंबर विचारून राहिला. परवा स्कूटरवर मागे बसलेली बायको केबलच्या वायरी बघून एकदम ओरडली, "तार!" मी ब्रेकच मारला.

घ्यायची असेल तर थंडीतच घ्या, उन्हाळ्यात आपल्याकडे तो पत्रा भट्टी होईल. आणि ताब्यात घ्यायच्या आधी एक रात्र इंजिन बंद ठेवून सगळं चालवून बघा. मी फेब्रुवारीसाठी परत विचारायला फोन केला, बॅटरी बदलली का म्हटलं, तर म्हणे साहेब, अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं ना.

बुक केली.