सी-स्पॅन : अल्पमतातला नेता राष्ट्राध्यक्षाला कसा अडवतो, ते काटछाट न करता पाहण्यासाठी

अमेरिकन संसदेचं कामकाज जसंच्या तसं दाखवणाऱ्या सी-स्पॅन या सेवेबद्दल लिहितोय. मत आधीच सांगतो : पाचपैकी साडेचार. सोलापुरात ज्याचा धंदा, नोकरी किंवा अभ्यास अमेरिकेतल्या निर्णयांवर अवलंबून आहे, त्यानं ही जरूर वापरावी.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघतो. आमचा माल अमेरिकेला जातो. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं, ऑर्डरी थांबल्या, आणि लूमवरची माणसं मला विचारायला लागली, "साहेब, तिथं ट्रम्पला अडवणारं कुणीच नाही का ओ?" बातम्यांत दिसायचे ते वीस सेकंदांचे तुकडे, त्यात कुणीतरी तावातावानं बोलतंय एवढंच. अडवणारे आहेत, पण ते नेमकं काय करू शकतात आणि कुठं त्यांचे हात बांधलेले आहेत, हे मला सी-स्पॅनवर कळलं.

थोडक्यात माहिती. १९७९ मध्ये ही सेवा सुरू झाली. सरकारचा पैसा नाही, केबल कंपन्यांच्या वर्गणीवर चालते. हाऊस म्हणजे तिथलं कनिष्ठ सभागृह, त्याचं कामकाज पहिल्या वर्षापासून; सिनेट म्हणजे वरिष्ठ, त्याचं १९८६ पासून. संकेतस्थळावर १९८७ पासूनचं चित्रण साठवलेलं आहे आणि ते पाहायला एक रुपया लागत नाही. माणसाचं नाव आणि तारीख टाकली की ते भाषण समोर येतं. निवेदक नाही, चार चौकटींत भांडणारे पाहुणे नाहीत. सभागृह आणि आपण, बस.

सुरुवात मी ३ जुलै २०२५ च्या हाऊसच्या बैठकीपासून केली. ट्रम्प यांचं करकपातीचं आणि खर्चाचं मोठं विधेयक मतदानाला आलं होतं. बहुमत रिपब्लिकनांचं, त्यामुळे निकाल जवळपास ठरलेला. डेमोक्रॅटिक पक्षाचे हाऊसमधले नेते हकीम जेफ्रीज पहाटे पाचच्या सुमारास बोलायला उभे राहिले आणि ८ तास ४४ मिनिटं बोलले. सोलापूरच्या घड्याळात दुपारी अडीचच्या आत सुरू झालेलं हे भाषण रात्री अकरा वाजून गेल्यावर संपलं. हाऊसमध्ये चर्चेचा वेळ मिनिटांत मोजून वाटतात, साध्या सदस्याला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. पक्षनेत्याला मात्र नावाला एक मिनिट देतात आणि प्रथेप्रमाणे ते मिनिट तो थांबेल तेव्हा संपतं. विरोधकाकडे मतं नसताना वेळ असतो, तो असा. आधीचा विक्रम ८ तास ३२ मिनिटांचा होता, तोही अल्पमतातल्याच नेत्याचा : केविन मॅकार्थी, नोव्हेंबर २०२१, बायडेन यांच्या विधेयकाविरुद्ध. त्याच्या आधी २०१८ मध्ये नॅन्सी पेलोसी आठ तासांवर बोलल्या होत्या. पक्ष बदलले, हत्यार तेच राहिलं.

हे भाषण मी रात्री जेवण झाल्यावर तुकड्यातुकड्यानं पाहिलं, आणि पूर्ण पाहिलं. तुकडे पाहणाऱ्याला वाटेल नुसती वेळकाढूपणाची कसरत. तसं नाही. मेडिकेड म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यावर जगणाऱ्या माणसांची पत्रं जेफ्रीज वाचत होते. विधेयक शेवटी २१८ विरुद्ध २१४ नं मंजूर झालं. पण पहाटे उरकायचं मतदान भर दुपारी, देश जागा असताना झालं, आणि कुणाचा विमा जाणार हे सभागृहाच्या नोंदीत कायमचं गेलं.

सिनेटमधली लढाई वेगळी. तिथं एरवी चर्चा थांबवून विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात, पण अर्थसंकल्पी तडजोडीच्या खास वाटेनं आणलं की साधं बहुमत पुरतं. हे विधेयक त्याच वाटेनं आलं. मग सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते चक शूमर यांनी मागणी केली की सगळं विधेयक मोठ्यानं वाचा. साडेनऊशेच्या आसपास पानं, कारकून आळीपाळीनं जवळजवळ १६ तास वाचत होते. त्यातला अर्धा-पाऊण तास बघाच. आपण कशावर मत देतोय ते सभागृहानं निदान ऐकावं, एवढीच ती मागणी होती, आणि मला ती रास्त वाटली. शेवटी ५०-५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांच्या मतानं ते सुटलं. जाताजाता शूमर यांनी नियमावर बोट ठेवून 'वन बिग ब्युटिफुल बिल' हे ट्रम्प यांचं लाडकं नाव विधेयकातून काढायला लावलं.

आता आमच्या टॉवेलचा भाग. ही आयातशुल्कं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लावली होती. १९७६ च्या आणीबाणी कायद्यात सोय आहे की कुणीही सिनेटर आणीबाणी रद्द करण्याचा ठराव आणून मतदान घ्यायला भाग पाडू शकतो, बहुमतवाल्यांची परवानगी लागत नाही. डेमोक्रॅट्सनी तेच केलं. २८ ऑक्टोबर २०२५ ला ब्राझीलवरचं शुल्क, दुसऱ्या दिवशी कॅनडावरचं, आणि ३० तारखेला जवळपास सगळ्या देशांवरचं. तिन्ही ठराव मंजूर! शेवटचा ५१ विरुद्ध ४७ नं. चार रिपब्लिकन फुटले, त्यात मिच मॅकॉनेल, म्हणजे ओबामांच्या काळात अल्पमतात राहून त्यांचा कार्यक्रम रोखून धरणारे नेते. भारतावरच्या ५० टक्क्यांपैकी पहिले २५ टक्के याच शेवटच्या आणीबाणीखालचे होते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी हे सगळ्यांना सांगितलं.

पण माल काही सुटला नाही. कारण हाऊस. ठराव तिथंही मंजूर व्हावा लागतो, आणि ठरावीक दिवस उलटले की तिथंही मतदानाची सक्ती करता येते. पण तिथल्या बहुमतवाल्यांनी मार्च-एप्रिलपासूनच एक नियम करून ठेवला होता की या ठरावांच्या मुदतीसाठी अधिवेशनाचे दिवस दिवस म्हणून मोजायचेच नाहीत. मुदत संपत नव्हती, म्हणून मतदानाची सक्तीही करता येत नव्हती. हे मी स्वतः कामकाजात ऐकलं नसतं तर कुणी सांगून खरं वाटलं नसतं. सिनेटमध्ये जिंकलेला विरोधक हाऊसच्या दारात कसा अडतो, हे एवढं स्वच्छ मला दुसरीकडे कुठं दिसलं नाही.

माझी भाची एमपीएससीचा अभ्यास करते. तिनं विचारलं, "मामा, शूमरनी व्हिप काढला की सगळ्यांना ऐकावंच लागत असेल ना?" आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. तिकडे तसं काही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारचं कामकाज बंद राहिलं, आरोग्यविम्याच्या अनुदानासाठी डेमोक्रॅट्स अडून बसले, आणि शेवटी त्यांच्याच गोटातले आठ जण पलीकडे जाऊन मत देऊन आले. शूमर स्वतः विरोधात मत देऊन बसले, त्यांना थांबवू शकले नाहीत. पण हीच ढिलाई दुसऱ्या बाजूनं उपयोगीही पडते. डिसेंबरमध्ये त्याच अनुदानासाठी विधेयक थेट मतदानाला आणण्याच्या जेफ्रीज यांच्या अर्जावर चार रिपब्लिकनांनी सह्या केल्या, २१८ चा म्हणजे बहुमताचा आकडा भरला, आणि हाऊसच्या अध्यक्षांना नको असलेलं मतदान अटळ झालं. भाचीला मी सांगितलं, तिथल्या नेत्याला माणसं राखावी लागतात, आपल्याही आणि त्यांच्याही.

सांगोल्यातून ११ वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले, त्यामुळे आपल्या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांची विधानसभेतली भाषणं अशी तारखेवार, घरबसल्या, पूर्ण पाहायला मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

अर्धा गुण कापला त्याची कारणं. हाऊसमधले कॅमेरे सी-स्पॅनचे नाहीत, सभागृहाचेच आहेत, त्यामुळे बोलणाऱ्याशिवाय फारसं काही दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अध्यक्षनिवड रखडली आणि नियमच मंजूर झालेले नव्हते, तेव्हा सी-स्पॅनला स्वतःचे कॅमेरे फिरवता आले. कोण कुणाच्या कानाला लागलंय ते सगळं दिसलं. ते चित्रण पाहिल्यावर एरवीचं अपुरं वाटतं. सिनेटमध्ये मधेच हजेरी पुकारली की कामकाज ठप्प, पडद्यावर नुसतं संगीत. तिथं सरळ पुढे ढकला. मजकूर फक्त इंग्रजीत, आणि पडद्याखाली येणाऱ्या ओळींत नावं चुकतात. वॉशिंग्टनमध्ये सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. दुसऱ्या पाळीच्या माणसाला थेट पाहणं अवघडच.

नवीन माणसानं आठ तासांच्या भाषणापासून सुरुवात करू नये. ३० ऑक्टोबर २०२५ ची सिनेटची बैठक काढा, शुल्काच्या ठरावावरची चर्चा आणि मतदान एवढंच बघा. हाक मारून एकेकाचं मत घेतात, मॅकॉनेल यांचं नाव येईपर्यंत थांबा. मोबाईलवर चालतं, पण नावं वाचायची तर कॉम्प्युटर बरा.